ब्राऊझर, एक नग

कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या पुढे, एका हायस्कुलात हैबती कोंडाजी ढेबे शिपाई होता. पोरं त्याला हैबतीमामा म्हणत, मास्तरमंडळी नुसतं हैबती म्हणत आणि हेडसरांचं काही काम अडलं असेल तर ते हैबतराव म्हणत. शाळेची घंटा, पाण्याचं पिंप, अकरा खोल्यांच्या किल्ल्या आणि महाडला संस्थेच्या कचेरीत जाणारी-येणारी डाक एवढी खाती त्याच्याकडे होती. घर वर डोंगरात, धनगरवाडीवर. पहाटे म्हशींच्या धारा काढायच्या, तासभर उतार उतरायचा आणि साडेनऊला फाटक उघडायचं, असा त्याचा बावीस वर्षांचा शिरस्ता. शिक्षण सातवी. इंग्रजी अक्षरं ओळखीची झाली होती ती टपालावरचे पत्ते लावता लावता. अर्थाशी त्याचा फारसा संबंध आला नव्हता.

या माणसाची खरी शाळा झाली होती ती मात्र दुसरीकडे. नोकरीत कायम व्हायला त्याला जातीचा दाखला लागला. कचेरीत म्हणाले, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा. कोंडाजी शाळेत गेलाच नव्हता, तर सोडणार कुठून? मग आजोबांची जुनी नोंद मागितली. नोंद सापडली ती मोडीत, मोडी वाचणारा महाडात आणि त्याच्या वाचनावर शिक्का मारणारे साहेब अलिबागेत. एवढं सगळं जमवल्यावर गाडी अशी काही अडली की वडिलांच्या कागदासाठी चुलत्याचा कागद हवा आणि चुलत्याच्या कागदासाठी वडिलांचा. दोन टेबलं एकमेकांकडे बोट दाखवत सहा महिने बसून राहिली. हैबतीने त्या काळात एक वही केली होती. पानाच्या डावीकडे ‘काय पाहिजे’, उजवीकडे ‘त्याला काय लागतं’. त्या वहीकडे बघत असतानाच एके दिवशी त्याच्या डोक्यात आलं, आणि त्याने दोन्ही अर्ज एका दोऱ्यात ओवून एकाच फायलीत साहेबांसमोर ठेवले. साहेबांनी एका बैठकीत दोन्हींवर सह्या केल्या. कोण आधी, कोण नंतर, हे विचारायला त्यांना वेळ नव्हता.

महाडच्या २००५ सालच्या पुरानंतरच्या वर्षी शाळेत आठ संगणक आले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने आपले जुने संगणक दान करायचं ठरवलं होतं. टेम्पोबरोबर एक इंजिनिअर आला, त्याने जोडणी केली आणि सांगितलं की यात विंडोज नाही, लिनक्स आहे. फुकट आहे, कुणाच्या परवान्याची भानगड नाही. ‘फुकट’ शब्द ऐकून हेडसरांना समाधान वाटलं आणि संगणकाचे मास्तर किरणसर यांच्या तोंडचं पाणी पळालं. किरणसर कंत्राटावर होते आणि त्यांचा सगळा अभ्यास विंडोजवर झाला होता. इथे पडद्याच्या कोपऱ्यात ओळखीचं काहीच नव्हतं. होतं ते एक पावलाचं चित्र. ते बघून संस्थेचे एक विश्वस्त म्हणाले की ही लक्ष्मीची पावलं, आणि त्यांनी आठही पडद्यांना हळदकुंकू लावलं. ते पुसून काढायला हैबतीला दोन दिवस लागले.

किरणसरांनी कंपनीला पत्र लिहिलं की हे काढून विंडोज घालून द्यावं. उत्तर येईपर्यंत खोलीला कुलूप. पण इंजिनिअर जाताना बजावून गेला होता की पावसाळ्यात यंत्रं रोज अर्धा तास चालू ठेवा, नाहीतर ओल धरेल. कुलपाची किल्ली हैबतीकडे, तेव्हा हे कामही त्याच्याकडे आलं. दुपारच्या सुट्टीत तो खोली उघडायचा, आठही संगणक एकामागून एक चालू करायचा आणि मधल्या खुर्चीवर बसायचा. नुसतं बसून काय करायचं, म्हणून तो पावलावर टिचकी मारायचा. यादी उघडायची. यादीतलं एकेक उघडून बघायचं आणि होतं तसं बंद करायचं, असं करत गौरी-गणपतीपर्यंत त्याने सगळी यादी पालथी घातली. दारं उघडायची आणि लावायची, हेच तर त्याचं काम होतं.

एकच दार उघडत नव्हतं. यादीत ‘इंटरनेट’ असं एक नाव होतं आणि त्याखाली काहीच नव्हतं. त्याचं कारण पुढे कळलं. कामगारांनी कामाच्या वेळी नको ते बघत बसू नये म्हणून कंपनीने सगळ्या संगणकांतून ब्राऊझर काढून टाकला होता. आणि दानपत्रात लिहिलं होतं की दुर्गम भागातल्या मुलांपर्यंत इंटरनेट पोचावं म्हणून हे संगणक देत आहोत.

डिसेंबरात कंपनीचं पत्र आलं. विंडोजबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. सव्वीस जानेवारीला मॅनेजरसाहेब येऊन ‘इंटरनेट कक्षा’चं उद्घाटन करतील, असं लिहिलं होतं. हेडसरांनी किरणसरांना बोलावलं. किरणसर म्हणाले, त्याला आधी ब्राऊझर लागेल, आणि दुसऱ्या दिवसापासून बहिणीच्या लग्नासाठी तीन आठवड्यांच्या रजेवर गेले. हेडसर व्यवहारी माणूस. त्यांनी हैबतीला हाक मारली, “हैबतराव, तुम्ही डाक घेऊन महाडला जाताय ना, तर तेवढा ब्राऊझर घेऊन या,” आणि हातात यादी दिली. खडूचे डबे, बारा. हजेरीपट, सहा. ब्राऊझर, एक नग.

खडू आणि हजेरीपट एकाच दुकानात मिळाले. ब्राऊझर हे काय नाव, असं त्या दुकानदाराने विचारलं आणि एसटी स्टँडामागे एक सायबर कॅफे आहे तिकडे बघा म्हणाला. तिथे गल्ल्यावर गौतमी नावाची मुलगी बसायची. पंचविशीची असेल, संगणकाचा डिप्लोमा केलेली. तिने यादी वाचली, ‘एक नग’वर बोट ठेवलं, पण हसली नाही. तिने विचारलं, काका, तुमच्या संगणकात काय आहे?

“पावलावालं हाय,” हैबती म्हणाला.

गौतमीला पावलावालं कळलं. पण त्याची कितवी आवृत्ती, हे कळायला हवं होतं, आणि ते हैबतीला सांगता येईना. तेव्हा पहिली खेप एवढ्यावरच संपली, की परत जाऊन, संगणक चालू करून, सुरुवातीला सगळ्यात वर जे लिहून येतं ते जसंच्या तसं उतरवून आणायचं. त्याने ते जुन्या वहीत उतरवून आणलं, अक्षराखाली अक्षर, टिंबांसकट. दुसऱ्या खेपेला गौतमीने इंटरनेटवरून फायरफॉक्स नावाचा ब्राऊझर उतरवला, सीडीवर घालून दिला आणि काय काय टंकायचं ते कागदावर लिहून दिलं. सीडीच्या कव्हरावर तिने हौसेने त्याची खूण काढली होती, पृथ्वीला विळखा घालून बसलेला कोल्हा. हैबतीच्या वाडीवर कोल्ह्याने कोंबड्यांचं काय केलेलं होतं हे त्याला पाठ होतं. त्याने सीडी पिशवीत हजेरीपटाच्या खाली ठेवली.

बसवायला परवलीचा शब्द लागत होता. तो इंजिनिअरने पाकिटात घालून, वर ‘गोपनीय’ लिहून हेडसरांच्या कपाटात ठेवला होता. कपाटाची किल्ली हैबतीकडेच असायची. हेडसरांनी रीतसर कपाट उघडायला सांगितलं, हैबतीने रीतसर उघडलं, हेडसरांनी पाकीट फोडलं आणि वाचता येईना म्हणून हैबतीकडे दिलं.

दोन बोटांनी एकेक अक्षर दाबत त्याने पहिली ओळ पुरी केली. यंत्राने ती नाकारली. चार वेळा नाकारल्यावर त्याला दिसलं की गौतमीच्या कागदावर दोन शब्दांमध्ये जी मोकळी जागा आहे तीही टंकायची असते. ती टंकल्यावर यंत्र थोडं थांबलं आणि उत्तर आलं. इंग्रजीत होतं; त्यातले ‘इज नीडेड बाय’ हे तीन शब्द हैबतीला समजले नाहीत. पण एका बाजूला एक नाव, दुसऱ्या बाजूला दुसरं नाव, ही मांडणी त्याला चांगलीच ओळखीची होती. त्याने वहीचं नवं पान काढलं. डावीकडे कोल्हा लिहिला, उजवीकडे त्याला काय लागतं ते.

तिसऱ्या खेपेला गौतमीने ते लागणारं दिलं. शाळेत आल्यावर कळलं की त्या लागणाऱ्यालाही आणखी दोन लागतात. चौथ्या खेपेला ती दोन आणली. पोलादपूरला बस बदलायची, महाडात तासभर थांबायचं, परत यायचं. घाटात ट्रक आडवा झाला असेल तर पोलादपूरलाच ताटकळायचं. हेडसरांना वाटू लागलं की हैबती महाडला कुठेतरी सिनेमे बघतोय. घरी बायको बयाबाईने विचारलं की हे रोज कसलं सामान आणायला जाताय, पिशवीत तर काय दिसत नाय. त्याने तिला समजावलं की ती एक खिडकी हाय, बसवायची हाय.

“मग बाहेरचं काय दिसतं त्यातनं?”

“अजून काय नाय,” हैबती म्हणाला.

त्या चौथ्या खेपेला कॅफेत गर्दी कमी होती. गौतमीलाच आता या प्रकरणाचा कंटाळा आला होता. तिने सांगितलं की काका, मला शिकवणारे सरसुद्धा यावर वैतागतात. एक मागितलं की चार निघतात. आणि मग विचारलं की तुम्हाला कसा राग येत नाही.

हैबतीने जरा विचार केला. “राग कशाला गो बाय? कचेरीत साहेब म्हनायचा, उद्या या. काय आनायचं ते उद्याच सांगायचा. ह्यो कसा, काय नाय ते तोंडावर सांगतो, लिहून देतो. चहापानी मागत नाय. माझा दाखला असा मिळता तर मी सहा म्हयन्यांत कायम झालो असतो.”

गौतमीने नवी सीडी घालायला घेतली. तिच्या घरीही दाखल्यांची एक फाईल होती.

खरी गाठ बसली ती शाळेत परत आल्यावर. शेवटच्या दोन तुकड्यांपैकी पहिला बसवायला गेलं की यंत्र म्हणे, आधी दुसरा आण. दुसरा बसवायला गेलं की म्हणे, आधी पहिला. दोन्ही सीडीवर शेजारी शेजारी पडलेले. हैबतीने तीनदा उलटसुलट करून पाहिलं. वहीत डावीकडचं नाव उजवीकडे आलं आणि उजवीकडचं डावीकडे. पुराच्या वर्षी दरड कोसळून तार तुटली तेव्हापासून शाळेच्या फोनला जीवच नव्हता, म्हणून तो हायवेवरच्या टपरीवर जाऊन मोबाईलवरून गौतमीशी बोलला. ती म्हणाली, असं झालं तर बहुतेक सगळं पहिल्यापासून नवीन घालावं लागेल, मी सरांना विचारून ठेवते, तुम्ही सोमवारी या.

हैबती परत खोलीत आला. सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. तो वहीकडे बघत बसला. हे पान आपण आधी कुठेतरी पाहिलंय, असं त्याला वाटत होतं, आणि खरंच ते चार पानं मागे होतं. वडिलांना चुलता, चुलत्याला वडील. त्याने गौतमीची ओळ पुन्हा टंकली. फक्त या वेळी पहिल्या तुकड्याच्या नावापुढे मोकळी जागा सोडून दुसऱ्याचंही नाव लिहिलं. एकाच ओळीत, एकाच दोऱ्यात. आणि बटण दाबलं.

यंत्राने काहीही विचारलं नाही. पडद्यावर फुल्यांची एक रांग डावीकडून उजवीकडे गेली, मग दुसरी गेली, आणि ओळ मोकळी झाली. त्याला आधी वाटलं, बिघडलं. मग त्याने कोल्ह्याची ओळ टंकली. तीही गेली. पावलावर टिचकी मारून त्याने यादी उघडली, तर ‘इंटरनेट’खाली नाव आलं होतं. त्याने ते दाबलं आणि पडद्यावर एक मोठी पांढरी चौकट उघडली. आत काहीच नव्हतं. हैबतीने खुर्ची मागे सरकवून ती कोरी चौकट नीट पाहिली. मग उठून घंटा दिली, ती तीन मिनिटं उशिरा.

सोमवारी गौतमीला त्याने हे सांगितलं तेव्हा तिने सरांकडून आणलेला कागद आधी त्याला दाखवलाच नाही. त्यावर हाच उपाय होता. कुणी सांगितलं तुम्हाला, असं तिने विचारलं, तर हैबती म्हणाला की सांगितलं कुणी नाय, पूर्वी एकदा केलेलं हाय. गौतमीला वाटलं, काका चेष्टा करतात. उरलेल्या सात संगणकांवर त्याने तेच सगळं तीन दुपारींत घातलं.

सव्वीस जानेवारीला मांडव पडला. किरणसर रजेवरून परतले होते, नवा सदरा घालून. कंपनीचे मॅनेजर, संस्थेचे विश्वस्त, एक सभापती आणि फोटोग्राफर असे सगळे त्या खोलीत दाटीने उभे राहिले. अडचण एवढीच होती की टेलिफोनच्या तारेचं काम झालं नव्हतं. इंटरनेटचा कक्ष होता, ब्राऊझर होता, इंटरनेट नव्हतं. ही गोष्ट हैबतीने हेडसरांना आठवडाभर आधी सांगितली होती. हेडसर म्हणाले होते की कार्यक्रम उद्घाटनाचा आहे, इंटरनेटचा नाही.

सभापतींनी किरणसरांनी दाखवलेल्या जागी टिचकी मारली. पांढरी चौकट उघडली, क्षणभर चक्र फिरलं आणि पडद्यावर इंग्रजी मजकूर आला. शेजारी पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह. पत्ता सापडत नाही, जोडणी तपासा, असा त्याचा मतलब. सभापतींनी तो त्रिकोण कौतुकाने बघितला आणि टाळ्या वाजवल्या. मॅनेजरसाहेबांना इंग्रजी येत होतं. त्यांनी मजकूर पुरता वाचला, फोटोग्राफरकडे बघितलं, आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. दारात शाल-श्रीफळाचं तबक धरून उभ्या असलेल्या हैबतीला मोकळा हात नव्हता.

शाल किरणसरांना मिळाली. आभार मानताना ते म्हणाले की तसं काही अवघड नसतं, ब्राऊझर बसवायला फार तर पाच मिनिटं लागतात. हैबतीला शालीचं काही वाटलं नव्हतं. शाल मास्तरांनाच देतात. पण ही पाच मिनिटं त्याला लागली. घरी जाताना चढावर तो मध्येच थांबला आणि मोजू लागला. बावीस तास तर नुसते एसटीत गेले होते.

तार जूनमध्ये जोडली गेली. दहावीचा निकाल त्याच आठवड्यात होता. किरणसरांचं कंत्राट मेअखेर संपलं होतं आणि नवे मास्तर मिळाले नव्हते. आतापर्यंत निकाल बघायला पोरं महाडला जायची. त्या दिवशी ती शाळेच्या ओट्यावर बसली. हैबतीने खोली उघडली आणि हेडसरांच्या देखत, दोन बोटांनी, एकेक बैठक क्रमांक टंकायला घेतला. पानं इतकी सावकाश उघडायची की एका पोराचा निकाल येईस्तोवर दुसरं पोर रडून गप्प व्हायचं. बेचाळीस पोरांचे निकाल संध्याकाळी पाचपर्यंत चालले. पूनम नावाची त्याच्याच वाडीवरची मुलगी होती, पास झालेली वाडीतली पहिली पोरगी. तिचे गुण वाचताना त्याला एका विषयाचं नाव वाचता येईना. ते तिने स्वतःच वाचून सांगितलं. हेडसर त्या दिवशी पाच वाजेपर्यंत खुर्चीमागे उभे होते आणि त्यांनी एकदाही हैबतराव म्हटलं नाही. हैबतीभाऊ म्हणाले.

दोन महिन्यांनी तपासणी आली. अधिकाऱ्यांनी संगणक कोण हाताळतो असं लेखी विचारलं. शिपायाने हाताळणं नियमात बसत नव्हतं, म्हणून हेडसरांनी किरणसरांचं नाव लिहिलं, जे तेव्हा खेडला एका पतपेढीत लागले होते. हैबतीला मात्र त्यांनी मनापासून सांगितलं की प्रयोगशाळा परिचराची जागा निघणार आहे, तुम्ही सरकारमान्य संगणक परीक्षा द्या, तुमचंच नाव पाठवतो. हैबती वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी गौतमीच्या कॅफेत सुरू झालेल्या वर्गात जाऊन बसला. परीक्षा विंडोजवर होती. इंटरनेट सुरू करण्यासाठी काय कराल, या प्रश्नाला चार उत्तरं दिली होती, आणि ‘आधी त्याला काय लागतं ते बघू’ हे त्यात नव्हतं. पहिल्या खेपेला तो चार गुणांनी नापास झाला. दुसऱ्या खेपेला त्याने जे विचारलं तेवढंच उत्तर दिलं आणि पास झाला. जागा निघाली नाही. त्याच सुमारास दुसऱ्या कुणी देणगीदाराने दहा नवे, विंडोजवाले संगणक दिले आणि जुने आठ भांडारात गेले. वाहून न्यायचं काम अर्थातच त्याचं होतं. त्याने ते पोत्यात न भरता, एकेक उराशी धरून नेले.

वर्ग चालू असताना गौतमीने सगळ्यांना ईमेलचा पत्ता काढून दिला होता. हैबतीकडे पत्ता होता, पण त्याला लिहिणारं कुणी नव्हतं. २००९ साली गौतमी लग्न होऊन पनवेलला गेली. त्या पावसाळ्यात नव्या संगणकांना हवा द्यायला म्हणून तो दुपारी बसला असता, सहज त्याने आपलं खातं उघडलं, तर त्यात एक पत्र होतं. गौतमीने मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. काका, कसे आहात, मी इथे एका कंपनीत लागले, इथेही पावलावालंच आहे, आणि काल तुमचा तो दोन्ही एकदम ठेवायचा उपाय इथल्या साहेबांना सांगितला.

हैबतीने उत्तर लिहायला घेतलं. सुट्टीचा अर्धा वेळ त्यात गेला. त्याने लिहिलं की मी बरा हाय, म्हशी बऱ्या हायत, पाऊस लय हाय, आणि तू जेवून घेत जा. मग मोकळ्या जागा नीट पडल्यात ना, हे एकदा बोटाने तपासून त्याने बटण दाबलं.